पनागरच्या मटाराची चिठ्ठी

जबलपूरहून कटनीकडे जाणारा रस्ता शहराबाहेर पडला की पंधरा-सोळा किलोमीटरवर पनागर लागते. जानेवारीतल्या एका सकाळी मी तिथे पोहोचलो तेव्हा धुके पुरते विरले नव्हते. रस्त्याच्या कडेला हिरव्या शेंगांनी गच्च भरलेली पोती गाड्यांवर चढत होती. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या सरकारी धोरणाचे प्रत्यक्षात काय झाले, हे पाहण्यासाठी मी गेलो होतो. परतताना माझ्या वहीत धोरणाविषयीच्या नोंदी होत्याच. पण खिशात तळहाताएवढी एक चिठ्ठीही होती, आणि या लेखाचा विषय ती चिठ्ठी आहे.

सोललेल्या मटाराच्या अर्ध्या किलोच्या पाकिटात घातलेली ती चिठ्ठी. तिच्यावर चार ओळी होत्या: शेंगा कोणत्या गावच्या, कोणत्या दिवशी तोडल्या, कोणी सोलल्या आणि शेतकऱ्याला किलोमागे किती भाव दिला. शेवटच्या ओळीत ‘१३ रुपये’ असे लिहिलेले होते. आजवर अनेक उत्पादनांची वेष्टने मी पाहिली आहेत. त्यांवर हिरवी शेते असतात, हसरे शेतकरी असतात, आजीच्या हातच्या चवीचे हवाले असतात. शेतकऱ्याच्या हाती काय पडले, हे सांगणारे वेष्टन मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हे पाकीट बनवणारा उद्योग म्हणजे पत्र्याच्या छताची एक लांबट खोली, शेंगा सोलण्याचे एक यंत्र, दोन शीतपेट्या आणि हंगामापुरत्या कामाला येणाऱ्या सात-आठ बायका. तो चालवणारा तरुण तिशीच्या आतला. त्याची आई हिशेब पाहते. जाहिरातीसाठी त्यांच्याकडे पैसा नाही. खरे तर कर्जाचा हप्ता गेल्यावर कशासाठीच फारसा उरत नाही. तरीही जबलपूरच्या काही वसाहतींत त्यांच्या पाकिटाची वाट पाहिली जाते. हे कसे घडले, याचे उत्तर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत आहे, तसे ते मराठी मुलखाच्या आठवणींतही आहे. त्यातून धोरणकर्त्यांना विचारायचा एक प्रश्नही निघतो.

नाव हरवलेले पीक

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. पुढे मध्य प्रांतात आणि स्वातंत्र्यानंतरही, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत, नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ या दोन्ही शहरांना जोडत असे. पनागर याच मार्गावरचे गाव.

मटार हे जबलपूर जिल्ह्याचे ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेतील पीक. पनागर, पाटण, शहपुरा, मझौली, सिहोरा या भागांत हिवाळ्यात मटाराची शेते पसरलेली असतात. जबलपूरहून पनागरकडे येताना अधारताल भागात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय लागते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने मटाराचे वाणही विकसित केले आणि ‘जवाहर मटर’ या नावाने ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. म्हणजे या पिकाला जमीन आहे, हवामान आहे, संशोधन आहे, बाजारही आहे. त्याला नाही ते नाव.

पोते गाडीवर चढले की मटार पनागरचा राहत नाही. मोठ्या शहरातल्या ठोक बाजारात पोहोचेपर्यंत तो फक्त ‘माल’ झालेला असतो. पावसाळ्यात पुण्याच्या मंडईत वाटाणा आला की ग्राहक ‘पुरंदरचा आहे का?’ असे विचारतो. हिवाळ्यात परराज्यांतून मटार येतो तेव्हा त्याचे गाव कोणी विचारत नाही. ज्या मालाला नाव नसते त्याचा भाव केवळ आवक ठरवते. एका पंधरवड्यात सर्वांच्या शेंगा एकदम तयार झाल्या की भाव कोसळतो. मटाराला किमान आधारभूत किंमत नाही. त्यामुळे कोसळणाऱ्या भावाला कुठेही टेकू मिळत नाही.

त्यात मटाराचा स्वभावही असा की थांबायला वेळ नाही. शेंग तोडल्यापासून दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते आणि उष्णतेत ही क्रिया वेगाने होते. सकाळी तोडलेला दाणा संध्याकाळी खाल्ला तर गोड लागतो. तोच उघड्या पोत्यात दोन दिवस प्रवास करून आला तर पिठूळ. पनागरच्या त्या तरुणाचे सारे भांडवल या एका नैसर्गिक वस्तुस्थितीत होते. तो शेतापासून जवळ होता. मोठी कंपनी ज्या गोष्टी विकत घेऊ शकते त्यांत ही जवळीक नव्हती.

गनीम आणि त्याचे मैदान

जे कॉनराड लेविन्सन या अमेरिकी लेखकाने १९८४ मध्ये ‘गुरिला मार्केटिंग’ हे पुस्तक लिहिले आणि हा शब्द जगभर रुळला. त्याचे सांगणे साधे होते: लहान उद्योजकाकडे पैसा नसतो, तेव्हा त्याने पैशाऐवजी वेळ, श्रम आणि कल्पकता गुंतवावी. ‘गुरिला’ हा मूळचा स्पॅनिश शब्द. अर्थ छोटे युद्ध. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्यानंतर तिथल्या लोकांनी लहान लहान तुकड्यांनी जी लढाई दिली तिच्यामुळे तो युरोपभर पसरला. मराठीत त्याहून जुना शब्द आहे: गनिमी कावा. गनीम म्हणजे शत्रू. मुघल मराठ्यांना गनीम म्हणत; शत्रूने दिलेले हे नाव मराठीने अभिमानाने आपल्या युद्धनीतीला लावून घेतले.

आज मात्र या शब्दाचा अर्थ ‘चलाखी’ एवढाच उरला आहे. जाहिरातीच्या जगात तर गनिमी कावा म्हणजे लोकांना दचकवणारी एखादी करामत. ती किती अंगाशी येऊ शकते, हे बॉस्टन शहराने २००७ मध्ये पाहिले. एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या व्यंगचित्र मालिकेची प्रसिद्धी करण्यासाठी शहरात ठिकठिकाणी दिवे लावलेल्या पाट्या बसवण्यात आल्या होत्या. ३१ जानेवारी रोजी लोकांना ते बॉम्ब वाटले. पूल आणि रस्ते बंद झाले, पोलीस धावले आणि शेवटी संबंधित कंपनीला २० लाख डॉलर मोजावे लागले. कंपनी मोठी होती, म्हणून तिला ते परवडले.

मूळचा गनिमी कावा केवळ चलाखीवर उभा नव्हता. तो भूमीच्या ज्ञानावर उभा होता. मोठ्या फौजेचा मोठेपणा जिथे निरुपयोगी ठरतो अशी खिंड निवडायची आणि आपल्याला ठाऊक असलेल्या वाटांनी लढायचे. लहान उद्योगालाही हेच लागू पडते. दूरचित्रवाणीवर किंवा चौकातल्या फलकावर तो मोठ्या कंपनीशी लढू शकत नाही. ते तिचे मैदान आहे. त्याचे मैदान म्हणजे ग्राहकाचा उंबरठा, ओळख, ताजेपणा आणि हिशेब.

नांगर, दंतमंजन आणि सायकल

हे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा त्यांची स्पर्धा दुसऱ्या कारखानदाराशी नव्हती. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीशी होती. सुरुवातीला नांगर विकले जाईनात. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती ग्राहकापर्यंत नेणारे हे पत्र पुढे मराठीतले एक महत्त्वाचे मासिक झाले. त्याच घराण्यातून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. माल विकण्यासाठी सुरू झालेले पत्र समाजाशी संवाद करू लागले, कारण नांगर विकायचा तर आधी शेतकऱ्याच्या मनातल्या शंकेशी बोलावे लागत होते.

केशव पेंढरकर यांनी १९५२ मध्ये ‘विको’ची स्थापना केली. त्यांचे आयुर्वेदिक दंतमंजन आरंभी मुंबईत घरोघरी जाऊन विकले गेले. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये गुजरातेत सरकारी नोकरी सांभाळून धुण्याची पावडर बनवली, तिला निरुपमा या मुलीच्या नावावरून ‘निरमा’ हे नाव दिले आणि ती सायकलवरून दारोदार नेली. या तिघांनाही आपण आज मोठे उद्योजक म्हणून ओळखतो. त्यामुळे ते एकेकाळी पायी किंवा सायकलवर होते, हे विसरतो.

तिन्ही उदाहरणांत एक समान धागा आहे. प्रत्येकाने ग्राहकाच्या मनातली एक नेमकी शंका हेरली. नांगराबाबत ती भीतीची होती, दंतमंजनाबाबत विश्वासाची, पावडरीबाबत परवडण्याची. जाहिरातीतली गोष्ट म्हणजे या शंकेला दिलेले, समोरासमोर तपासून घेता येईल असे उत्तर. ते उत्तर खरे नसते तर दुसऱ्या फेरीला कोणी दार उघडले नसते.

रविवारचा तराजू

पनागरच्या तरुणाला ग्राहकाची शंका दुसऱ्याच हंगामात कळली. शहरातल्या गृहिणीला वाटे, ‘बाजारात शेंगा इतक्या स्वस्त असताना सोललेला मटार एवढा महाग का?’ त्याने एका रविवारी वसाहतीच्या फाटकाशी साधा तराजू मांडला. एका पारड्यात किलोभर शेंगा ठेवल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारले, ‘यातून दाणे किती निघतील? अंदाज बरोबर आला तर पाकीट तुमचे.’ बहुतेकांनी पाऊण किलो सांगितले. मग तिथेच, त्यांच्यासमोर, शेंगा सोलल्या गेल्या. दाणे निम्म्याहूनही कमी भरले.

‘त्या दिवशी मी तीन पाकिटे फुकट दिली आणि बावीस विकली,’ तो मला म्हणाला. ‘पण साहेब, खरा फायदा वेगळाच झाला. पुढच्या रविवारी लोक शेजाऱ्यांना घेऊन आले आणि तेच त्यांना समजावून सांगू लागले.’

लेविन्सनच्या पुस्तकात शोभावा असा हा प्रयोग. त्याला खर्च आला तो तराजूच्या भाड्याचा. दचकवणे नाही, फसवणे नाही. एका शंकेला दिलेले उघड उत्तर. गोष्ट सांगितली ती तराजूने.

भिंतीवर नाव रंगवण्याचा विचारही त्याने केला होता. मध्य प्रदेशात १९९४ पासून मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला आळा घालणारा कायदा आहे. महाराष्ट्राने १९९५ मध्ये तसाच कायदा केला. मालकाची लेखी परवानगी लागते हे कळल्यावर तो सहा दुकानदारांकडे गेला. ‘भिंत द्या, तुमच्या दुकानाचे नावही रंगवून देतो’ असा सौदा केला. चार जण तयार झाले. चार भिंतींसाठी त्याने चार परवानगीपत्रे जपून ठेवली आहेत, ती त्याने मला दाखवली. ती पाहताना मला मुंबईतल्या घाटकोपरची आठवण झाली. १३ मे २०२४ रोजी तिथे अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. नियम लहान माणसापर्यंत न चुकता पोहोचतो. मोठ्या फलकाच्या उंचीपर्यंत त्याचा हात बरेचदा जात नाही.

चिठ्ठीवर कोणाचे नाव?

चिठ्ठीची कल्पना तराजूनंतरची. गाव आणि तारीख लिहायची, हे मुलाने ठरवले. सोलणाऱ्या बाईचे नाव लिहायचे, हे आईने.

याचे महत्त्व कळण्यासाठी जबलपूरचा आणखी एक उद्योग आठवायला हवा. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जबलपूर हे विडी उद्योगाचे मोठे केंद्र राहिले. भोवतालच्या जंगलांत तेंदूपान होते, मजूर होते आणि रेल्वे होती. विडीच्या बंडलावरचे छाप हा तर भारतीय जाहिरातकलेचा एक स्वतंत्र अध्याय आहे: प्राणी, देवदेवता, कधी खुद्द मालकाचा फोटो. अक्षर न वाचता येणारा ग्राहकही चित्र पाहून माल ओळखत असे. गोष्ट सांगण्याचे कौशल्य कोणत्याही मालाला लावता येते, हेही त्यातून दिसते. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणणारा कायदा व्हायला २००३ साल उजाडले. आणि विडीच्या त्या साऱ्या छापांत एक चेहरा कधीच नव्हता: घरात बसून दिवसाला शेकडो विड्या वळणाऱ्या बाईचा.

‘माझ्या सासूबाई विड्या वळायच्या,’ हिशेबाची वही मिटत आई म्हणाल्या. ‘बंडलावर वाघ-सिंह असायचे. त्यांचे नाव कुठे नव्हते. म्हणून मी मुलाला सांगितले, पाकिटावर नाव घालायचे तर सोलणारीचे घाल.’

चौथी ओळ, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या भावाची, हीदेखील त्यांचीच सूचना. हंगामाच्या आरंभी भाव चांगला असतो; तेव्हा ती ओळ लिहायला काहीच वाटले नाही. जानेवारीत आवक वाढली आणि एका आठवड्यात भाव घसरत घसरत किलोमागे ११ रुपयांवर आला. एका व्यापाऱ्याने सुचवले की आता ती ओळ गाळावी. ग्राहकाला काय कळणार? मुलालाही ते पटू लागले होते. आईने विचारले, ‘भाव चांगला असताना सांगायचा आणि पडला की लपवायचा, तर मग ती गोष्ट कसली?’

ओळ छापली गेली. अपेक्षेप्रमाणे फोन आले. ‘११ रुपयांचा मटार तुम्ही आम्हाला ५० रुपयांना अर्धा किलो देता?’ एका बाईंनी तर थेट लुटारू ठरवले. दोन दिवस विक्री थंडावली. मग चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाकिटाचा हिशेब छापण्यात आला. माझ्या खिशातल्या चिठ्ठीच्या पाठीवर तो आहे: शेंगा १४ रुपये, सोलणावळ ८, पाकीट व छपाई ३, वीज व शीतपेटी ६, वाहतूक ५, कर्जाचा हप्ता ७, उरले ७.

काही ग्राहक परतले, काही परतले नाहीत. पण मला महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. हिशेबातल्या शेंगा १४ रुपयांच्या आहेत. अर्ध्या किलो दाण्यांना किलोहून थोड्या जास्त शेंगा लागतात. ११ रुपये भावाने त्यांचे १२ रुपये झाले असते. मी हे विचारले तेव्हा तो तरुण जरा संकोचला. ‘११ लिहिताना हात थांबला, साहेब. सगळ्यांनी वाचावे असे लिहायचे आणि ते असे? म्हणून त्या दिवसापासून १३ देतो.’

जाहिरात ग्राहकाचे मन वळवते, असे आपण शिकतो. इथे तिने विक्रेत्याचे मन वळवले होते. उरणाऱ्या ९ रुपयांतले २ रुपये शेतकऱ्याकडे गेले, कारण एका चिठ्ठीने ते गुपित राहू दिले नाही.

गोष्टीची मर्यादा

इथे थांबून एक सावधगिरीचा इशारा स्वतःलाच द्यायला हवा. अशा कथा आम्हा स्तंभलेखकांना फार आवडतात. एक तरुण, एक आई, एक युक्ती. आणि वाचकाला वाटते की प्रश्न सुटला. पनागरच्या त्या खोलीत दिवसाला काही क्विंटल शेंगा सोलल्या जातात. बाहेर रस्त्यावर ट्रकमागून ट्रक भरले जातात. त्या ट्रकांतल्या शेंगांना १३ रुपये मिळाले नाहीत. गोष्ट सांगून आवक कमी होत नाही. शीतगृह, प्रक्रिया आणि वेळेवर वाहतूक यांची जागा कोणतीही चिठ्ठी घेऊ शकत नाही.

आणखी एक प्रश्न मला अस्वस्थ करतो. लहान माणसाने माल पिकवायचा, सोलायचा, भरायचा आणि वर तो रंजक भाषेत सांगायचाही? ज्याला बोलता येत नाही, ज्याच्या घरी हिशेब लिहिणारी आई नाही, त्याचा मटार कमी गोड असतो का? ‘प्रत्येकाने आपला ब्रँड घडवावा’ हा उपदेश सरकारसाठी सोयीचा आहे, कारण त्यात बाजार सुधारण्याची जबाबदारी हळूच विक्रेत्याच्या खांद्यावर सरकते.

शिवाय खरी गोष्ट चोरायला सोपी असते. त्याच हंगामात जबलपूरच्या एका दुकानात तशाच चिठ्ठीची पाकिटे दिसू लागली. गाव पनागर, भाव घसघशीत, सोलणारीचे नावही होते. तारीख मात्र महिनाभर तीच, कारण ती आधीच छापून घेतलेली होती. तरुणाने तक्रार कुठे करायची, याची चौकशी केली. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने वकिलाकडे. हंगाम अडीच-तीन महिन्यांचा. वकिलाची पहिली तारीख लागेपर्यंत तो संपतो.

धोरणाने काय करावे?

आपल्याकडे योजनांची वानवा नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने जून २०२० मध्ये १०,००० कोटी रुपयांची योजना आणली. दोन लाख उद्योगांना कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान देणे हे तिचे उद्दिष्ट. विपणन आणि नाममुद्रेसाठी ५० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूदही आहे; पण ती उत्पादक कंपन्या, बचतगट, सहकारी संस्था अशा समूहांसाठी. एकट्या लहान उद्योजकाला यंत्र घेताना हात मिळतो; ते यंत्र चालवून बनवलेला माल विकताना तो एकटाच असतो.

समूहाला महत्त्व देणे चूक नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या पुरंदरच्या अंजिराचा रस २०२४ मध्ये एका शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत पोलंडला गेला, तो समूहामुळेच. पण मानांकन म्हणजे संरक्षण नव्हे, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. तरी दर उन्हाळ्यात परराज्यांतला आंबा हापूसच्या नावाने विकला जातो, ही तक्रार थांबलेली नाही. नावाची नोंद एकदा होते. त्याची राखण रोज करावी लागते.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, गोष्टीला पुरावा द्या. कृषी उपज मंडीत सौद्याची पावती बनतेच. त्या पावतीचा क्रमांक लहान प्रक्रिया उद्योगाला पाकिटावर छापता आला आणि ग्राहकाला तो तपासता आला, तर गाव, दिवस आणि भाव या तिन्हींची शहानिशा होईल. नवे खाते नको, नवे पोर्टल नको. आहे त्या कागदाला वाचा फुटली तरी पुरे.

दुसरी, जागा द्या. लहान उद्योगाची जाहिरात म्हणजे त्याचे प्रत्यक्ष दर्शन. रेल्वेने २०२२ पासून ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजनेत स्थानकांवर स्थानिक मालाला जागा द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने २०२० मध्ये ‘विकेल ते पिकेल’ अभियानातून थेट विक्रीचा विचार मांडला. हा विचार नगरपालिकांच्या पातळीवर उतरायला हवा: रविवारचा एक कोपरा, एक तराजू, ठरलेले अल्प शुल्क आणि हुसकावले न जाण्याची हमी.

तिसरी, खोट्या गोष्टीला किंमत मोजायला लावा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आज मुख्यतः मोठ्या कंपन्या आणि प्रसिद्ध चेहरे यांच्या संदर्भात चर्चेत येतात. नाममुद्रेच्या नोंदणीत लहान उद्योगाला शुल्कात निम्मी सवलत आहे: ९,००० ऐवजी ४,५०० रुपये. पण नक्कल झाली तर दाद मागण्याचा खर्च निम्मा होत नाही. नाशवंत मालाच्या तक्रारीचा निकाल जिल्हा पातळीवर पंधरा दिवसांत लागण्याची सोय हवी. हंगाम संपल्यावर मिळालेला न्याय पुढच्या वर्षीच्या बियाण्याच्याही उपयोगाचा नसतो. आणि हा नियम लहानालाही तितकाच लागू व्हावा. गनिमी कावा हे खोटे बोलण्याचे परवानापत्र नव्हे.

या तिन्ही सूचनांमागे विचार एकच आहे. लहान उद्योगाची सर्वांत मोठी ताकद ही की त्याची गोष्ट तपासून पाहता येते. मोठ्या कंपनीला शेत कुठले, हात कोणाचे, भाव किती, हे सांगणे अनेकदा शक्य नसते आणि बरेचदा सोयीचेही नसते. लहान उद्योजक ते सांगू शकतो. ही त्याची खिंड आहे. बाजाराचे नियम असे हवेत की या खिंडीत उभे राहिलेल्याला तिथे उभे राहता यावे.

निघताना मी एक पाकीट विकत घेतले. त्या आईंनी पैसे घेतले, सुटे परत दिले आणि चिठ्ठी आत आहे ना, हे पाकीट उजेडात धरून पाहिले. ‘वाचून फेकू नका,’ त्या म्हणाल्या. ‘दिल्लीत कोणी भाव विचारला तर दाखवा.’ बाहेर आणखी एक ट्रक भरून निघाला होता. त्याच्या ताडपत्रीखाली शेकडो पोती होती आणि एकाही पोत्यावर गावाचे नाव नव्हते.